कीफर पेअर : फांद्या वाकवल्या, मग फळ धरलं

कीफर हा फिलाडेल्फियाजवळचा जुना संकर: एशियन पेअर आणि युरोपियन पेअर यांचा. न्यू जर्सीच्या परसात तो सहज रुजतो, पण आमचं झाड नुसतं बांबूसारखं सरळ वर जात होतं. फुलं नावालाच.

कारण लॉनचं खत. मुळं लॉनखाली पसरलेली असतात, त्यामुळे गवताला टाकलेलं नायट्रोजन झाडच खातं. वर्षाला दोन फुटांहून जास्त वाढ दिसली की नायट्रोजन बंद करावं. कोवळी, रसरशीत वाढ फायर ब्लाइटलाही (फांद्या जळल्यासारख्या काळ्या करणारा जिवाणूजन्य रोग) आमंत्रण देते.

दुसरा उपाय फांद्या वाकवण्याचा. जूनमध्ये, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या खोडापासून साधारण ६० अंशांवर आणल्या. सुतळी थेट बांधली तर साल कापते. म्हणून खाली जुन्या साडीची रुंद पट्टी. फांदी आडवीच्या खाली गेली, तर वाकाच्या पाठीवर पाणफुटवे (सरळ वर जाणारे, फळ न देणारे जोमदार कोंब) येतात आणि सगळी मेहनत वाया. सहा ते आठ आठवड्यांनी बांधणी सोडायची. फळधारी डोळे लगेच नाही, पुढच्या हंगामापासून दिसू लागतात. कीफर एकटाही थोडं फळतो. त्याच सुमारास फुलणारी दुसरी जात जवळ असेल तर बरंच जास्त.

आता गराचा रवाळपणा. फळ झाडावरच पिकू दिलं तर गर रवाळ आणि आतून तपकिरी होतो. हिरवा रंग फिका पडला की फळ आडवं उचलून पाहावं. देठ सहज सुटला तर काढावं. मग १६ ते १८ अंश सेल्सिअसला दोन-तीन आठवडे ठेवायचं. फ्लोरिडातल्या नातेवाइकांना सांगून ठेवतो, उबदार स्वयंपाकघरात हे जमत नाही. तरीही थोडी कचकच राहतेच. मुरांबा मात्र उत्तम होतो.