झेब्राफिशच्या पिल्लांसोबतचं माझं पहिलं वर्ष

आमच्याकडे कपाशीवर जे फवारतात त्याला सगळे औषधच म्हणतात. बाबा पाठीवर पंप घेऊन सकाळी निघायचे, आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची. क्लोरपायरीफॉस हे नाव मी शाळेत असताना डब्यावर वाचलं होतं. नवीन घराच्या पायात वाळवी लागू नये म्हणूनही तेच ओतलं होतं. पुढे प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून मी झेब्राफिशच्या, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांच्या एका छोट्या माशाच्या, लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात रसायनांच्या कपाटात तेच नाव दिसलं. फवारताना मोठ्या माणसाला विषबाधा होते हे मला माहीत होतं. पोटातल्या बाळाचा मेंदू घडत असताना हेच रसायन अगदी थोडं पोचलं तर काय होतं, हा आमच्या लॅबचा प्रश्न होता.

या प्रश्नासाठी उंदरांवरची अधिकृत पद्धत आहे, पण तिला खूप वेळ, पैसा आणि प्राणी लागतात. झेब्राफिशचं अंडं आईच्या शरीराबाहेर वाढतं आणि काचेसारखं पारदर्शक असतं. साधारण १७-१८ तासांचा गर्भ आपोआप शेपटी वळवायला लागतो. मेरुरज्जूतल्या अगदी पहिल्या चेतापेशी तेव्हा कामाला लागलेल्या असतात. २४ तासांत हृदयाचे ठोके दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लू अंड्यातून बाहेर येतं, पाचव्या दिवशी हवेची पिशवी फुगवून व्यवस्थित पोहतं. मेंदू घडण्याचा हा सगळा काळ एका आठवड्यात आपल्या डोळ्यांसमोर घडतो. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोडीदार जनुक आहे, हे २०१३ साली त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा स्पष्ट झालं. मासा मूळचा आपल्याकडचाच, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. प्रयोगशाळेत त्याला मानाची जागा मिळाली ती मात्र अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठात, जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या कामामुळे.

क्लोरपायरीफॉससाठी तर हा मासा फारच सोयीचा. शरीरात त्याचं ऑक्सॉन हे जास्त विषारी रूप बनतं आणि ते ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे चेतापेशींचा संदेश वेळेवर थांबवणारं एन्झाइम बंद पाडतं. माणसात या एन्झाइमचं ब्युटिरिलकोलिनएस्टरेज नावाचं एक भावंडही असतं. झेब्राफिशमध्ये ते नाही. एल्मनच्या पद्धतीत हे एन्झाइम जितकं काम करेल तितका पिवळा रंग चढतो. त्यामुळे पिल्लं कुटून या पद्धतीने मोजताना रंग फिका पडला, तर तो कशामुळे पडला यात गोंधळ होत नाही.

रोजचं काम असं चालतं. संध्याकाळी नर-मादी मधे पडदा घालून एका डब्यात ठेवायचे. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. थोड्याच वेळात जाळीखाली अंडी जमतात, एका मादीची दोनशेच्या आसपास. ती चहाच्या गाळणीने गाळायची. ही खरीच चहाची गाळणी असते, बहुतेक लॅबमध्ये तीच दिसेल. मग सूक्ष्मदर्शकाखाली फलन न झालेली अंडी वेगळी काढायची आणि उरलेली २८.५ अंशांवर इन्क्यूबेटरमध्ये ठेवायची. मेलेलं अंडं डिशमध्ये राहिलं तर संध्याकाळपर्यंत बुरशी शेजाऱ्यांनाही घेते. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण तुमची नजर इथेच तयार होते. किमेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली विकासाच्या टप्प्यांची जी चित्रं दिली, ती भिंतीवर लावा आणि रोज ताडून बघा.

आता माझी चूक सांगते, कारण नव्यांपैकी बरेच जण ती करतात. पाच-सहा दिवसांची पिल्लं ९६ खणांच्या प्लेटमध्ये एकेक ठेवतात आणि कॅमेऱ्याखाली आलटून पालटून उजेड-अंधार करतात. अचानक अंधार झाला की निरोगी पिल्लू जोरात पळतं. मी पहिल्या रांगांत कंट्रोल, म्हणजे रसायन न दिलेली पिल्लं, मग वाढत्या क्रमाने डोस आणि शेवटच्या रांगांत सर्वांत मोठा डोस असं भरलं. आलेख सुंदर आला, डोस वाढेल तशी हालचाल कमी. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच. मी रात्री घरी फोन करून सांगितलं की माझं काम झालं.

आमच्या एका सीनिअर ताईने आलेख बघितला आणि एवढंच म्हणाली, ‘‘सगळ्या ९६ खणांत नुसतं पाणी घालून एकदा कर.’’ केलं. आलेख जवळपास तसाच आला. शेवटच्या रांगांकडची बाजू थंड पडत होती आणि पिल्लू थंडीत मंदावतं. तीन महिन्यांचं काम मी स्वतः वहीत लाल पेनाने खोडलं. त्यातला काही परिणाम रसायनाचाही असेल, पण तो किती हे त्या प्लेटवरून कधीच कळणार नव्हतं.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की पहिला महिना कुठलंही रसायन घालू नका. नुसती कंट्रोलची पिल्लं बघा. सकाळी त्यांची हालचाल बदलत राहते आणि दुपारी स्थिरावते, तेव्हा चाचणी रोज दुपारी ठरलेल्या वेळीच घ्या. कडेचे खण आणि मधले खण वेगळे वागतात का, ते तुमच्या मशीनवर तपासा. डोस प्लेटभर विखरून ठेवा आणि कुठे काय आहे हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका. एकाच जोडीची ९६ पिल्लं म्हणजे ९६ वेळा केलेला प्रयोग नव्हे, ती एकाच घरची भावंडं आहेत. वेगवेगळ्या दिवशीची, वेगवेगळ्या जोड्यांची अंडी हवीत.

डोस ठरवताना आधी मृत्यू आणि व्यंग कुठे सुरू होतं ते शोधा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची माशांच्या गर्भावरची २०१३ ची २३६ क्रमांकाची चाचणी यासाठी चांगली सुरुवात आहे. वर्तनाचा प्रयोग त्याच्या बऱ्याच खालच्या डोसवर करायचा. ज्याचा कणा वाकडा आहे किंवा हवेची पिशवीच फुगलेली नाही, ते पिल्लू पोहत नाही याचं खापर मेंदूवर फोडता येत नाही. शिवाय क्लोरपायरीफॉससारखी पाण्यात न मिसळणारी रसायनं प्लॅस्टिकला चिकटतात. बाटलीवर तुम्ही लिहिलेला डोस आणि पिल्लाला मिळालेला डोस यांत मोठा फरक पडू शकतो. जमेल तिथे काच वापरा आणि पाण्यातलं प्रमाण मोजून घ्या. विरघळवायला डीएमएसओ हा द्रावक वापरलात तर तेवढंच डीएमएसओ असलेला कंट्रोल हवाच. पिल्लं नितळ दिसावीत म्हणून काही जण पीटीयू हे अंगावरचा काळा रंग बनू न देणारं रसायन घालतात. ते थायरॉइडमध्ये ढवळाढवळ करतं आणि थायरॉइडशिवाय मेंदू नीट घडत नाही, त्यामुळे या विषयात मी ते टाळते.

प्राणी नैतिकता समितीची परवानगी कामाला हात लावण्याआधी घ्या. पिल्लू संपवायचं तर भूल देऊन. सिंकमध्ये ओतून देणारे मी पाहिलेत, मला ते सहन होत नाही.

या क्षेत्रात येण्यासाठी प्राणिशास्त्र, बायोटेक, फार्मसी यांपैकी काहीही चालतं. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर वाट सोपी होते. नाही मिळाली तरी सहा महिने प्रोजेक्टवर काम करून बघा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) झेब्राफिशवर काम चालतं. विषशास्त्रासाठी लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था (आयआयटीआर). परदेशात जर्मनीतल्या लाइपझिगची यूएफझेड ही पर्यावरण संशोधन संस्था आणि ऑरेगन स्टेट विद्यापीठ या क्षेत्रात भक्कम आहेत. आर किंवा पायथन यांपैकी एक संगणकीय भाषा आतापासून शिका; एका दुपारच्या व्हिडिओतून लाखो आकडे निघतात. मुलाखतीला जाल तेव्हा त्यांच्या नुसत्या कंट्रोलच्या प्लेटचे आलेख मागा. लॅब कशी आहे ते त्यावरून कळतं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांनी विचारलं, ‘‘माशाला झालं म्हणजे माणसाला होतंच का गं?’’ होतंच असं नाही, म्हटलं, एकट्या माशावरून ते ठरत नाही. पण ड्यूक विद्यापीठात ज्या माशांना पहिल्या पाच दिवसांत हे रसायन मिळालं, ते मोठेपणीही शिकण्यात मागे पडले. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाने गरोदरपणापासून ज्या मुलांचा माग ठेवला, त्यांच्यात जन्माच्या वेळी हे रसायन ज्यांच्या रक्तात जास्त होतं, ती मुलं वाढीत आणि बुद्ध्यांकात मागे दिसली. युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याला बंदी घातली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. वहिनीला तेव्हा पाचवा महिना होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी फवारणीचा पंप आणि डबे न्हाणीघराशेजारून उचलून शेतातल्या खोपीत नेऊन ठेवले.