नकाशात फिका पट्टा दिसला की आधी खोड चिरून पाहा : हरभरा-गव्हासाठी सल्ला

पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाचं चांगलं चित्र क्वचितच हाती लागतं. आता आभाळ निवळलंय. 'सेंटिनेल-२' या युरोपीय उपग्रहांची चित्रं साधारण दर पाच दिवसांनी येतात आणि कोपर्निकस ब्राउझरवर फुकट पाहता येतात.

चित्रातला सगळ्यात लहान चौकोन (पिक्सेल) रानात १० मीटर बाय १० मीटर भरतो, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एकरात असे चाळीस. बांधालगतचे चौकोन धरू नका, त्यांत बांधावरच्या बाभळीची पानंही मोजली जातात.

हिरवं पान लाल उजेड शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेनं भागलं की एनडीव्हीआय मिळतो. मोकळं रान साधारण ०.१ ते ०.२, ओळी मिळालेलं पीक ०.७ च्या आसपास किंवा वर. रान हिरव्या पानानं किती झाकलंय, एवढंच हा आकडा सांगतो. चंदनबटव्याचं तण माजलं तरी तो वाढतो. पीक विरळ असताना काळ्या रानात तो जास्त येतो, पांढरट मुरमाड पट्ट्यात कमी. म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. आपल्याच रानाचं मागचं चित्र शेजारी ठेवून पाहा.

फिका पट्टा दिसला म्हणून लगेच पंप पाठीवर घेऊ नका, ही कळकळीची विनंती. आधी त्याच तारखेचं साध्या रंगातलं चित्र उघडा. कधी ती नुसती ढगाची सावली असते. सावली नसेल आणि हरभऱ्याच्या त्याच पट्ट्याचा आकडा दोन चित्रांत ओळीनं उतरत असेल, तर खुरपं घेऊन तिथं जा. सुकणारं रोप उपटा, खोड उभं चिरा. आत काळपट तपकिरी रेघ दिसली तर तो 'मर' हा बुरशीचा रोग आहे. उभ्या पिकात तो बरा होत नाही. त्या जागेची खूण ठेवा, पुढच्या वर्षी तिथं हरभरा टाळा आणि बाकीच्या रानात मर-प्रतिकारक वाण घेऊन ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची बीजप्रक्रिया करा. खोड आतून स्वच्छ आणि माती चिकट ओली असेल, तर पाणी जास्त झालंय. हरभरा उभळतो तो असाच. वापसा येईपर्यंत पाणी थांबवा.

गव्हाची अडचण उलटी. पानांचं क्षेत्र जमिनीच्या साधारण तिप्पट झालं की एनडीव्हीआय फारसा वर सरकत नाही. सगळं शेत एकसारखं गर्द दिसतं, नत्राची कमतरता त्यात लपते. तिथं एनडीआरई पाहा; तो लालऐवजी 'रेड-एज', म्हणजे लाल आणि अवरक्त यांच्या मधल्या उजेडावरून, तसाच काढलेला आकडा. मात्र त्याचा चौकोन २० मीटरचा, चार गुंठ्यांचा. अर्ध्या एकरात असे पाचच बसतात.

फिक्या आणि गर्द, दोन्ही जागी एकेक काठी रोवा. उपग्रह सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो. त्या दिवशी छातीच्या उंचीवरून मोबाइल सरळ खाली धरून फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा.