कुशीवर झोपून स्लीप अ‍ॅप्निया आवरताय? या चुका टाळा

स्लीप लॅबमध्ये काम करताना एक गोष्ट सतत दिसते. स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याचा आजार, असलेले लोक स्लीप स्टडीचा, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीचा, रिपोर्ट वाचत नाहीत आणि उताणं होऊ नये म्हणून थेट पाठीला चेंडू बांधतात. एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण उताणं झोपल्यावरचा एएचआय किती आणि कुशीवरचा किती, हे कोणी बघत नाही. उताण्याचा आकडा कुशीवरच्या दुप्पट किंवा जास्त असेल तरच कूस बदलून मोठा फरक पडतो. आणि तेवढ्यानेही भागत नाही.

एक काका आले होते, खाजगी बस चालवणारे. सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, कपाटात ठेवून त्यांनी बनियनला मागे खिसा शिवला होता, आत टेनिसचा चेंडू. काकू खूश, कारण घोरणं जवळजवळ थांबलं होतं. पण दुपारी सिग्नलला काकांचा डोळा लागायचा. जुना रिपोर्ट काढला. उताणं ५८, कुशीवर २७. फरक दुपटीहून जास्त, म्हणून काका निर्धास्त. पण १५ च्या वर म्हणजे मध्यम आजार, आणि हे तर रोज स्टिअरिंग धरणारे! आवाज कमी झाला म्हणजे श्वास अडकायचा थांबला, असं होत नाही. डॉक्टरांनी मशीन पुन्हा सुरू करायला लावलं. कुशीवरचा आकडा ५ च्या आत असेल, तर डॉक्टरांशी बोलून फक्त कुशीवर झोपण्याचा विचार करा. स्वतःच्या मनाने मशीन कधीही बंद करू नका.

चेंडूचं मला मुळीच कौतुक नाही. तो टोचतो, जाग येते, आणि बहुतेक लोक काही महिन्यांत सोडून देतात. मी लहान सॅकमध्ये जाड फोम भरून ती पाठीला लावायला सांगते. टोचत नाही, पण उताणं होताच येत नाही. छातीवर बांधायचे, उताणं झालं की थरथरणारे पट्टेही मिळतात. परवडत असतील तर तेच घ्या.

डोक्याखाली दोन-तीन उशा रचू नका, हनुवटी छातीला टेकते आणि घसा आणखी आवळतो. उंची हवी तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे द्या.

खांदा दुखतो म्हणून लोक सोडतात. उशी खांद्याच्या रुंदीइतकी जाड घ्या, गुडघ्यांमध्ये लोड ठेवा.

नुसती मान वळवून धड उताणं ठेवलं तर पुरेसा उपयोग नाही.

रात्री दारू घेतली तर घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात, मग कोणतीही कूस पुरत नाही.

दोन रात्रींत "जमत नाही" म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते. शरीराला सवय व्हायला काही आठवडे लागतातच. त्यानंतर पुन्हा स्लीप स्टडी करा, आणि त्या रात्री सॅक लावूनच झोपा.