त्वचेतील एजीईची मोजणी: डायलिसिस विभागात नव्याने संशोधनाला लागणाऱ्यांसाठी

मधुमेह असलेल्या डायलिसिसच्या रुग्णांच्या त्वचेत साठणारी प्रगत ग्लायकेशन उत्पादने (शर्करा प्रथिनांना चिकटून तयार होणारी संयुगे), म्हणजेच एजीई, मोजण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा उपकरण हाताळायला मी एका दुपारीच शिकलो. त्यातून येणारा आकडा वाचायला शिकण्यात मात्र बरेच महिने गेले. या कामात नव्याने येणाऱ्यांची अडचणही बहुधा इथेच होते.

शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यातील अभिक्रियेचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार्द यांनी १९१२ साली केले. तीच अभिक्रिया शरीरात संथपणे चालू असते. एचबीए१सी, म्हणजे तांबड्या पेशींतील शर्करा चिकटलेले हिमोग्लोबिन, ज्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते, हे तिच्या सुरुवातीच्या टप्प्यातले उत्पादन, तर एजीई हा तिचा शेवटचा, मागे न फिरणारा टप्पा. त्वचेतील कोलॅजेन या प्रथिनाचे अर्धआयुष्य सुमारे १५ वर्षांचे असल्यामुळे त्याला चिकटलेले एजीई वर्षानुवर्षे तिथेच राहतात. त्यात मूत्रपिंडे निकामी झाली की एरवी लघवीवाटे बाहेर पडणारे एजीईचे लहान तुकडे रक्तात साचतात आणि ऑक्सिडीकरणाच्या ताणामुळे नवेही तयार होत राहतात. डायलिसिसमध्ये रक्तातले सुटे, लहान रेणू काही प्रमाणात निघून जातात. कोलॅजेनला जखडलेले निघत नाहीत. म्हणून चार तासांच्या एका सत्रानंतर हा साठा कमी झालेला दिसेल, अशी अपेक्षाच ठेवू नये.

सुरुवातीला एका रुग्णाचा एचबीए१सी उत्तम आणि त्वचेचा आकडा बराच जास्त आला, तेव्हा मी उपकरणावरच संशय घेतला. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये तांबड्या पेशींचे आयुष्य कमी झालेले असते, शिवाय रक्तवाढीसाठी दिल्या जाणाऱ्या एरिथ्रोपोएटिनमुळे नव्या पेशींचे प्रमाण वाढते, त्यामुळे एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो, हे मी पाठ केलेले होते; पण समोरच्या माणसाला लावून पाहिले नव्हते. त्यांचा मधुमेह किती जुना आहे हे विचारल्यावर दोन्ही आकड्यांची संगती लागली.

मोजणी वेदनारहित असते. सुमारे ३७० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश हाताच्या पुढच्या भागाच्या आतल्या बाजूवर टाकला जातो आणि ४२० ते ६०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात त्वचेतून परतणारी प्रतिदीप्ती (प्रकाश शोषून त्वचेने उत्सर्जित केलेला उजेड) मोजली जाते. फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली धमनी व शीर) असलेला हात टाळावा. दुसऱ्या हातावरही ठळक शीर, व्रण किंवा गोंदण नसलेली जागा निवडावी. या रुग्णांना खाज फार सुटते, त्यामुळे बरेच जण मलम लावून येतात. एका बाईंच्या हातावर बोट टेकवले तेव्हा त्वचा किंचित चिकट लागली, तरी मी मोजणी उरकली. पुढच्या खेपेस त्यांनी मलम लावलेले नव्हते आणि आकडा स्पष्टपणे खाली आला. आधीची नोंद मला रद्द करावी लागली. तेव्हापासून मोजणीच्या दिवशी त्या जागी काहीही लावू नये, असे मी आदल्या सत्रातच सांगून ठेवतो.

गडद वर्णाच्या त्वचेबाबत विशेष सावध राहावे. मेलॅनिन प्रकाश शोषून घेते, आणि परावर्तन साधारण ६ टक्क्यांच्या खाली गेले की आकडा भरवशाचा राहत नाही. असे रुग्ण किती वगळले हे अहवालात लिहिलेच पाहिजे, कारण ते गाळून काढलेला निष्कर्ष सगळ्यांना लागू होत नाही. शिवाय कार्बोक्सिमिथाइललायसिनसारखे महत्त्वाचे एजीई प्रतिदीप्तच नसतात. म्हणजे आपण साठ्याचा अंदाज घेत असतो, साठा मोजत नसतो. तरीही हा अंदाज मोलाचा आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी २००४ साली तो त्वचेच्या बायोप्सीशी पडताळला आणि २००५ साली हिमोडायलिसिसच्या रुग्णांमध्ये त्याचा मृत्यूच्या धोक्याशी संबंध दाखवला.

माझ्या वहीत आता आकड्याशेजारी वय, मधुमेहाची वर्षे, डायलिसिसची वर्षे, धूम्रपान, शेवटच्या जेवणाची वेळ आणि मोजणी सत्राआधी की नंतर, हे रकाने असतात. हे सगळे विचारायला पाच-सात मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ सुई टोचण्याच्या धांदलीत मिळत नाही. रुग्ण खुर्चीत स्थिरावण्याआधी, वजनकाट्याजवळ थांबलेला असताना विचारावे.