शेवटचा बदल कधी झाला, हे डेटाबेसलाच लिहू द्या

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक काम आलं. मुख्य डेटाबेसमध्ये दिवसभरात बदललेल्या रो (टेबलातल्या ओळी) तेवढ्या रात्री रिपोर्टच्या डेटाबेसमध्ये आणायच्या. टेबलात रो शेवटची कधी बदलली ते सांगणारा 'अपडेटेड ॲट' कॉलम होताच, त्यामुळे काम सोपं वाटलं. पंधरा दिवसांत दोन्हीकडच्या बेरजा जुळेनाशा झाल्या.

तो कॉलम ॲप्लिकेशनचा कोड भरत होता. कुणी थेट अपडेट क्वेरी चालवली की रो बदलायची, पण वेळ जुनीच राहायची. जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये अशी वेळ भरणाऱ्या 'ऑटो नाऊ'चंही तसंच आहे: एकेक रो सेव्ह केली तर वेळ बदलते, क्वेरीसेटवर (निवडलेल्या अनेक रोंवर एकदम) अपडेट चालवलं तर नाही. म्हणून नवीन मुलांना मी आग्रहाने सांगते, ही नोंद डेटाबेसकडेच सोपवा.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये कॉलमच्या व्याख्येत 'ऑन अपडेट करंट टाइमस्टॅम्प' लिहिलं की झालं. पण कॉलमचा टाइमस्टॅम्प हा प्रकार 19 जानेवारी 2038 पर्यंतच पुरतो. 5.6.5 आवृत्तीपासून डेटटाइम या प्रकारालाही ही सोय आहे, तेव्हा मी तोच घेते.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये अशी तयार सोय नाही, ट्रिगर लिहावा लागतो, म्हणजे रो बदलताना डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड. तो 'बिफोर अपडेट'च हवा. मी आधी 'आफ्टर' लिहिला होता. एरर एकही नाही, आणि वेळही जागची हलत नव्हती! रो आधीच लिहून झालेली असते, त्यामुळे 'न्यू'मध्ये, म्हणजे ट्रिगरला मिळणाऱ्या नव्या रोमध्ये, भरलेली किंमत वाया जाते. शिवाय जुन्याच किमती पुन्हा लिहिल्या तरी पोस्टग्रेसचा ट्रिगर चालतो. ते नको असेल तर ट्रिगरच्या 'व्हेन' या अटीमध्ये जुनी आणि नवी रो ताडून पाहा.

ट्रिगर बसवूनही अधूनमधून एखादी रो सुटायचीच. हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पोस्टग्रेसचं 'नाऊ' ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतं, कमिटची, म्हणजे ते बदल पक्के होऊन इतरांना दिसू लागल्याची नाही. समजा, ट्रान्झॅक्शन 10:00 ला सुरू झालं आणि 10:05 ला कमिट झालं. रो आणणारा आपला जॉब 10:03 ला चालला, त्याला ती रो दिसलीच नाही. पुढच्या खेपेला तो 10:03 नंतरचं मागतो, आणि रोवर वेळ असते 10:00. ती कायमची सुटते. त्या क्षणाची खरी वेळ देणारं 'क्लॉक टाइमस्टॅम्प' वापरलं तरी कमिट नंतरच होतं, म्हणजे फट उरतेच. मी दर वेळी थोडं मागे जाऊन वाचते, सगळ्यात लांब चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनपेक्षा जास्त मागे. रिपोर्टच्या डेटाबेसमध्ये प्रायमरी की (प्रत्येक रोची वेगळी ओळख) पाहून रो असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट करते, त्यामुळे तीच रो दोनदा आली तरी बिघडत नाही.

डिलीटचं मात्र या कॉलमला काहीच कळत नाही, कारण रोच उरत नाही. त्यासाठी मी वेगळं टेबल ठेवते. 'आफ्टर डिलीट' ट्रिगर त्यात गेलेल्या रोची की आणि वेळ लिहितो, आणि रात्रीचा जॉब आधी तेच टेबल वाचतो.