पहिला डाग ब्लीडरचा

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनसाठी व्हॉल्व्हचा ॲम्प घरी बांधायचा, तर सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, पक्कड, स्लीव्ह हे सामान तुमच्याकडे असणारच. नसेल तर या भानगडीत पडू नका, आधी साधा हेडफोन ॲम्प करून बघा. या ॲम्पमध्ये चारशे व्होल्ट डीसी खेळत असतं आणि बायस, म्हणजे हेडफोनच्या पडद्याला द्यायचं कायमचं व्होल्टेज, ५८०.

सामानाच्या यादीत सगळ्यात वर ब्लीडर रेझिस्टर. २२० किलोओहम, दोन वॉट, दोन नग. हाय व्होल्टेजच्या कपॅसिटरवर पॅरलल बसायचं आणि बंद केल्यावर त्यातला साठा जिरवायचा, एवढंच त्यांचं काम. आवाजात काडीचा फरक पडत नाही, म्हणूनच ते राहून जातात. माझे गेल्या पावसाळ्यात राहिले. "नंतर लावू" म्हणून पाकिटातच होते. व्हॉल्व्ह न बसवता नुसता सप्लाय तपासत होतो, मीटरवर ४२० च्या वर व्होल्ट छान दिसले, आणि लाइट गेली. पावसात सांगलीच्या विश्रामबागेत लाइट जाणं ही काही बातमी नाही. पॅनेलवरचा निऑनचा दिवा विझला, मी खाली जाऊन चहा घेतला, वीस मिनिटांनी वर येऊन एक वायर सरकवायला हात घातला. निऑन प्रायमरीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूला होता हो! तो विझला म्हणजे मेन्स गेली, एवढाच अर्थ. व्हॉल्व्ह बसवलेले आणि तापलेले असते, तर त्यांनी बराच साठा ओढून घेतला असता. रिकाम्या सॉकेटमधून कोण ओढणार? कोपर खिडकीच्या चौकटीवर आपटलं, टेबलावरचा एक ६एसएन७ व्हॉल्व्ह फरशीवर जाऊन फुटला, आणि संध्याकाळपर्यंत हाताला मुंग्या. बायको म्हणाली, "अहो, बंद होतं ना?" बंदच होतं.

ट्रान्सफॉर्मर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून बांधून घेता येतो, पण त्याला समोर बसवून सांगा: हाय व्होल्टेजला ३०० व्होल्ट, फिलामेंटला ६.३, आणि दोन वाइंडिंगच्या मध्ये इन्सुलेशनचा कागद कंजूषपणा न करता. ६एसएन७ एकेक ०.६ अँपिअर खातो, चार म्हणजे २.४, वाइंडिंग तीनच्या वरचं हवं. २०१९ च्या पुरात भिजलेला ट्रान्सफॉर्मर कुणी स्वस्तात देत असेल तर हात जोडून परत करा. कितीही वाळवला तरी मी त्यावर चारशे व्होल्टची भिस्त ठेवणार नाही.

कपॅसिटर घेताना लोक इथे फसतात. ३०० व्होल्ट एसी रेक्टिफाय केल्यावर, लोड नसताना, ४२४ होतात. मध्यरात्री मेन्स २५० वर चढली की तेच ४६०. मग ४५० चा कपॅसिटर कसा पुरणार? १०० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये लावा. सिरीजमध्ये लावले की दोघांवर व्होल्टेज सारखं वाटायला प्रत्येकावर एकेक रेझिस्टर लागतोच, आणि तोच आपला ब्लीडर. म्हणजे विसरायला सबबही उरली नाही. या हिशेबाने बंद केल्यावर साधारण दीड मिनिटात व्होल्टेज दहाच्या खाली येतं. प्रत्येकात जळतं जेमतेम ०.२ वॉट, तरी पाव वॉटचा लावू नका. तो थेट काठावर चालेल आणि त्याची व्होल्टेज सोसायची मर्यादाही साधारण २५० च असते. ब्लीडरच उडाला तर तुम्हाला कळणार कसं? म्हणून दीड मिनिटानंतरही मीटर लावायचाच.

बायसला वेगळा ब्लीडर. हो, तिथेही. कपॅसिटर छोटा असतो, पण ५८० व्होल्टला छोटा-मोठा काही नसतं. २.२ मेगओहमचे चार सिरीजमध्ये लावले की झालं. मग बायस ४.७ मेगओहममधून हेडफोनला जातो. त्या रेझिस्टरच्या पुढे मीटर लावाल तर ३९५ च्या आसपास दिसेल. कमी आहे म्हणून वाढवत बसू नका. मीटरची स्वतःची १० मेगओहम आहे, तो व्होल्टेज वाटून घेतो. मोजायचं ते ४.७ च्या अलीकडे. आणि हेडफोन जुन्या जातीचा असेल तर त्याला बायस २३० व्होल्ट लागतो, ५८० नाही. ते मॉडेल बघून आधीच ठरवा.

एवढा उपद्व्याप कशाला, असं विचाराल. यातला पडदा एक-दोन मायक्रॉनचा असतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावताना जो तंबोरा ऐकलाय, त्यातली ती दोऱ्याची करकर मला दुसऱ्या कुठल्या हेडफोनमध्ये सापडली नाही. बस.

व्हॉल्व्ह पुण्यात पासोड्या विठोबाजवळ चौकशी करून बघा. एक जोडी जास्तीची आणा, कारण वर वाचलंच. कॅथोड उंच व्होल्टेजवर असलेल्या सर्किटमध्ये फिलामेंटचं वाइंडिंग थेट ग्राउंडला बांधू नका, रेझिस्टरचा डिव्हायडर लावून त्याचं व्होल्टेज वर उचला. हेडफोनकडे जाणाऱ्या प्रत्येक स्टेटरच्या (पडद्याच्या दोन बाजूंच्या प्लेटच्या) तारेत ५ ते १० किलोओहम हवेतच. ती वायर तुमच्या कानापर्यंत जाते.

पेटी ॲल्युमिनियमची, कुपवाड एमआयडीसीत वाकवून मिळते. अर्थिंग पेटीला बोल्टने. घर जुनं असेल तर भिंतीतल्या अर्थपिनला मागे खरंच वायर आहे का, ते इलेक्ट्रिशियनला बोलावून बघून घ्या.

पहिल्यांदा चालू करताना: सिरीजमध्ये ६० वॉटचा पिवळा बल्ब, एलईडी नाही. पायात रबरी चप्पल, अंगठी-घड्याळ बाहेर, डावा हात खिशात, घरात कुणीतरी जागं. डिस्चार्ज करायला १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर क्लिप लावून तयार ठेवा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणाऱ्यांनी ही यादी वाचू नये. वायर हलवायला कोरडी बांबूची काडी. आणि व्हॉल्व्ह बसवण्याआधी, म्हणजे नुसता सप्लाय तपासतानाच, ब्लीडर जागेवर हवेत. मी नेमका तिथेच चुकलो.

दोन्ही स्टेटरमधला डीसी फरक शून्याजवळ आणा, अर्धा तास तापू द्या, पुन्हा आणा. हेडफोन सगळ्यात शेवटी जोडायचा. नॉब, जाळी, पाय तुमच्या हौसेने. पावसाळ्यात हेडफोन सिलिका जेलच्या डब्यात, नाहीतर एका कानाचा आवाज बसतो.