इंजिन बांधल्यावर टायमिंग चुकतं कुठे? चेन बसवताना या चुका टाळा

हेड बसलं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बसले, त्यांना क्रँकशी (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी) जोडणारी चेन चढवली, टायमिंगच्या, म्हणजे व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडावेत यासाठीच्या, सगळ्या खुणा जुळल्या. इथे बरेच जण लगेच कव्हर लावायला घेतात, आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) सुटायच्या आधी जुळलेल्या खुणांवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. चेन तेव्हा सैल असते, आणि सैल चेनवर खुणा कशाही जुळवता येतात.

टेन्शनर सुटला की तो चेनची सैल बाजू आत दाबतो. थोडी ढील चुकून दुसऱ्या बाजूला, म्हणजे स्थिर गाईडकडे (चेन जिच्यावरून सरकते त्या न हलणाऱ्या पट्टीकडे) राहिली असेल, तर इंजिन फिरवताच ती ओढली जाते आणि कॅमची खूण सरकते. म्हणून चेन क्रँकपासून चढवायला घ्यायची, स्थिर गाईडवरून ताठ धरून कॅमवर न्यायची, आणि उरलेली सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला आणायची. मग बोटाने दाबून बघा. गाईडकडची बाजू जराही लवता कामा नये.

एका दाताने काय होतं? फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमची एक होते. कॅमच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) ३६ दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे १० अंश आणि क्रँकच्या हिशेबाने २०. एवढं चुकूनही इंजिन बऱ्याचदा सुरू होतं. आयडलला थरथरतं, पिकअप घेत नाही, आणि आपण प्लग-इंजेक्टर बदलत बसतो.

त्यामुळे सेल्फ मारायच्या आधी हाताने फिरवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टेन्शनर सोडून चेन ताणू द्या, स्पार्क प्लग काढून ठेवा, क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावा आणि इंजिन फिरतं त्याच दिशेने पूर्ण दोन फेऱ्या द्या. उलट फिरवू नका. उलट फिरवलं की ढील नको त्या बाजूला जाते, आणि टेन्शनरमध्ये ऑइल भरलेलं नसेल तर चेन दात सोडू शकते.

एका चार सिलिंडरच्या इंजिनावर पहिली फेरीही पूर्ण व्हायच्या आत माझा पाना अडला होता. कॉम्प्रेशनचा (सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेचा) अडसर असतो तेव्हा हाताला गादी दाबल्यासारखं वाटतं, आणि थोडं थांबलं की तो सुटतो. इथे प्लग आधीच काढलेले होते, आणि हाताला लागला तो कोरडा ‘टक्’, लोखंडावर लोखंड. तिथेच थांबलो. कव्हर नव्हतंच, चेन उतरवली, तर इनटेक कॅम एक दात चुकलेला. जोर लावला असता किंवा सेल्फ मारला असता तर व्हॉल्व्ह वाकले असते. पाना अडला तर जोर लावायचा नाही, कारण शोधायचं.

दोन फेऱ्यांनंतर चेनवरच्या रंगीत कड्या खुणांसमोर दिसत नाहीत आणि माणूस घाबरून चेन पुन्हा काढतो. त्या कड्या फक्त बसवतानाच्या. समजा चेन १३० कड्यांची आणि क्रँकच्या स्प्रॉकेटला १८ दात. मग सगळ्या रंगीत कड्या पुन्हा आपापल्या खुणांसमोर यायला क्रँकच्या १३० फेऱ्या लागतात. फिरवून झाल्यावर बघायच्या त्या स्प्रॉकेटवरच्या खुणा.

त्याही नीट वाचायला हव्यात. बऱ्याच मोटारसायकलींच्या मॅग्नेटवर (क्रँकसोबत फिरणाऱ्या चाकावर) ‘टी’ आणि ‘एफ’ अशा दोन खुणा असतात. ‘टी’ म्हणजे टीडीसी (पिस्टन अगदी वरच्या टोकाला असतो ती जागा), ‘एफ’ इग्निशनची. ‘एफ’वर टायमिंग बांधलं तर ते चुकणारच. हेडच्या काठाशी जुळणारी रेघ वरून वाकून पाहिली तर फसवते, डोळा त्याच पातळीवर आणा. प्लगच्या भोकातून काडी घालून टीडीसी ठरवू नका. पिस्टन वरच्या टोकाशी असताना क्रँक काही अंश फिरला तरी काडी हललेली कळत नाही. शंका असेल तर पिस्टनची हालचाल मोजायला डायल गेज लावा.

हेडचं फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) झालं असेल तर आणखी एक गोष्ट. क्रँक आणि कॅममधलं अंतर कमी होतं, ताठ बाजूची चेन मात्र तेवढीच राहते, त्यामुळे कॅम किंचित मागे पडतो. खूण केसभर मागे दिसली म्हणून दात बदलू नका. एक दात पुढे घेऊन बघितलंत तर चूक कितीतरी मोठी झालेली दिसेल.

व्हीव्हीटी (चालू इंजिनात व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) असेल तर तिचा फेझर, म्हणजे कॅमला पुढे-मागे फिरवणारा भाग, लॉक झालेला आहे ना, हे हाताने हलवून पाहा. काही इंजिनांत क्रँकच्या स्प्रॉकेटला चावीच (त्याला दांड्यावर अडकवणारी धातूची पाचर) नसते, बोल्टच्या दाबावरच तो धरलेला असतो. तिथे मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर) आणि अंश तंतोतंत पाळा, आणि एकदाच वापरायचा बोल्ट सांगितला असेल तर नवाच घ्या. नाहीतर बरोबर बांधलेलं टायमिंग चालू इंजिनात सरकतं.

इंजिन आधीच सुरू करून झालं असेल आणि संशय असेल, तर कव्हर उघडायच्या आधी कॉम्प्रेशन मोजा. सगळ्या सिलिंडरांत सारखंच कमी आलं तर टायमिंगकडे बघा. एकाच सिलिंडरात कमी असेल तर आधी त्याचा व्हॉल्व्ह आणि क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) तपासा. स्कॅनरवर पी००१६ किंवा पी००१७ कोड दिसला तर क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाहीये असं ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सांगतोय. तो चेनमुळे येतो, तसाच सेन्सरची वायर निसटली किंवा सेन्सर वाचतो ती रिंग सरकली तरी येतो. सेन्सर बघायला पाच मिनिटं लागतात, ते आधी बघा.

पहिल्यांदा सुरू केल्यावर दोन-चार सेकंद चेन खडखडली तर टेन्शनरमध्ये ऑइल भरतंय असं समजा. त्यानंतरही आवाज राहिला तर लगेच बंद करा आणि ऑइल प्रेशर मोजा. कव्हरला सिलिकॉन जास्त लावलं गेलं असेल, तर त्याचा तुकडा गाळणीत अडकून टेन्शनरपर्यंत ऑइल पोचत नसण्याची शक्यता असते.